डबल मार्करवरनं बाळाचं वजन कळतं व्हय?

पत्र:

"ताई, मी राजारामपुरीत राहते, वय २७, पहिलंच बाळ आहे, तेरावा आठवडा चालू झालाय. उंची पाच फूट एक, वजन ६१ किलो. माझी पाळी आधीपासूनच कधी वेळेवर यायची नाही. परवा डबल मार्करचा, म्हणजे तिसऱ्या महिन्यात डाऊन सिंड्रोमसाठी करतात त्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट आला. डाऊनचा धोका कमी आहे, १८०० त १ असा, पण खाली पॅप-ए ०.३८ असं ठळक करून लिहिलंय. डॉक्टर म्हणाल्या बाळ बारीक राहू शकतं, लक्ष ठेवूया, आणि रोज रात्री ॲस्पिरिन १५० ची गोळी लिहून दिली. तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला. घरी आल्यावर ह्यांनी कुठल्यातरी ॲपमधे सगळे आकडे भरले तर त्यानं सांगितलं जन्माचं वजन २ किलो ३१० ग्रॅम. तेव्हापासून घरात दुसरा विषयच नाही. माझ्या जावेचं बाळ आठव्या महिन्यातच झालं होतं, १ किलो ९०० चं, तीन आठवडे काचेच्या पेटीत होतं, सासूबाई म्हणतात आता हिचंपण तसंच व्हायचं. सासरे म्हणतात रोज सकाळी गंगावेशीत धारोष्ण दूध पाजूया, ह्यांनी प्रोटीन पावडरचा डबा आणलाय, आणि सासूबाईच परत म्हणतात शेवटी शेवटी फार खाऊ नको, बाळ मोठं झालं की सिझर करतात. मी नक्की काय करू? आत्तापासून वजन खरंच कळतं का? गोळीनं रक्त पातळ होऊन बाळाला काही होईल का? आणि सातव्यात माहेरी गडहिंग्लजला जायचं ठरलंय ते रद्द करू का? रिपोर्टचा फोटो जोडलाय."

– झोप उडालेली

उत्तर:

अगं पोरी, सगळं सोड आणि आधी तो रिपोर्ट परत हातात घे. वरती तुझं नाव, वय, सोनोग्राफीची तारीख लिहिलीय ना, त्याच्याच खाली वजनाचा रकाना आहे, तो वाच. ४९ किलो लिहिलंय. आणि पत्रात तू मला ६१ सांगतीयस. आता ह्यातलं खरं कुठलं ते तूच सांग, पण ४९ हे तुझं लग्नातलं वजन असेल आणि जुन्या फाईलवरनं कुणीतरी उतरवलं असेल तर ह्या ०.३८ वर रडत बसायच्या आधी थोडं थांब.

मी डॉक्टर नाही हे दरवेळी सांगते, पण बावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमधे काढलीत, रक्त काढण्यापासनं रिपोर्टवर सही घेण्यापर्यंत सगळं केलंय, त्यामुळं हा फॉर्म माझ्या ओळखीचा आहे. मी जिथं कामाला होते तिथं एकदा अशीच एक बाई आली होती, वजन ६८, फॉर्मवर ८ चा ३ वाचला गेला आणि मशीनमधे ६३ गेलं, कुणाच्या लक्षातपण आलं नाही, तिच्या नवऱ्यानंच घरी बसून रिपोर्ट वाचताना पकडलं आणि काउंटरवर येऊन जो काय दंगा केला म्हणतीस, आजपण आठवलं की कानात आवाज येतो. चूक आमची होती. तेव्हापासून मी वजन काट्यावर उभं करूनच लिहायची, पेशंट कितीही म्हणूदे "लिवा की पंचावन्न".

तर हे वजन एवढं महत्त्वाचं का, ते सांगते, कारण ते कळलं की तुझा निम्मा घोर कमी होईल. पॅप-ए हे एक प्रोटीन आहे, ते बाळ नाही बनवत, वार बनवते, म्हणजे ज्याला डॉक्टर प्लासेंटा म्हणतात ती. ते आईच्या रक्तात उतरतं. आता आई अंगानं भरलेली असली की तिच्या अंगात रक्तपण जास्त, मग तेवढंच प्रोटीन जास्त रक्तात पसरतं आणि पातळ दिसतं, म्हणजे कपभर चहाला घातलेली साखर पातेलंभर चहात घातल्यासारखं. म्हणून कॉम्प्युटर आधी बघतो की एवढ्या वजनाच्या, एवढ्या आठवड्याच्या बाईला साधारण किती असायला पाहिजे, आणि तुझं त्याच्या किती पट आहे ते सांगतो. १ म्हणजे अगदी मधोमध. तुझं ०.३८ म्हणजे मधल्या बाईच्या चाळीस टक्क्याच्या आतबाहेर. बऱ्याच ठिकाणी ०.४ च्या खाली गेलं की 'कमी' धरतात, तू त्या रेषेच्या जरासं खाली आहेस. पण कॉम्प्युटर समजतोय की तू ४९ किलोची आहेस, आणि ४९ किलोच्या बाईच्या रक्तात हे प्रोटीन जास्त दाट असायला पाहिजे असं त्याचं म्हणणं, म्हणून तुझं त्याला कमी वाटलं. ६१ घालून परत काढलं तर आकडा वर सरकणार, किती सरकेल ते त्यांचं सॉफ्टवेअरच सांगेल, मी इथं बसून सांगणं बरोबर नाही. उद्या लॅबला फोन कर, वजन दुरुस्त करून सुधारित रिपोर्ट द्या म्हण, परत रक्त द्यायला लागत नाही, नुसतं गणित परत करायचं असतं. तीच गोष्ट आठवड्यांची. पॅप-ए ह्या दिवसात भराभर वाढतं, त्यामुळं आठवडे चुकले तरी आकडा चुकतो, पण तुझ्या रिपोर्टमधे बाळाची लांबी ५८ मिलिमीटर लिहिलीय आणि त्यावरनंच बारा आठवडे आणि दोन-तीन दिवस धरलेत, पाळीच्या तारखेवरनं नाही, ते योग्यच केलंय कारण तुझी पाळी बेभरवशाची.

आणि हो, आकडा ०.४ च्या वर गेला तरी गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही हं. सुधारित रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडं जायचं आणि त्यांनी ठरवायचं. त्यांनी तुझा बीपी बघितलाय, सोनोग्राफी बघितलीय, त्यांच्यापुढं फक्त हा एक आकडा नव्हता.

आता तुझा मेन प्रश्न. आत्ता वजन कळतं का? किलो-ग्रॅममधे नाही कळत. बाळ आत्ता टाचेपासनं नाही, डोक्यापासनं ढुंगणापर्यंत मोजलं तर जेमतेम सहा सेंटीमीटर आहे. २८ आठवड्याला ते साधारण एक किलोचं होतं, आणि पूर्ण दिवस भरल्यावर आपल्याकडं पावणेतीन, अठ्ठावीसशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे बघ, जवळजवळ दोन तृतीयांश वजन शेवटच्या तीन महिन्यांत चढतं. माझे माहेरचे कागलकडचे, उसाचे, तर त्यांच्या भाषेत सांगायचं तर आत्ता कुठं डोळे फुटलेत आणि तुझा नवरा एकरी टनेज विचारतोय. लावण बघून जाणता माणूस एवढं सांगू शकतो की उगवण बरी आहे का विरळ आहे, ह्या तुकड्याकडं जास्त लक्ष द्यायला लागणार का, पण काट्यावर किती भरणार ते काट्यावरच कळतं (आणि आपल्याकडं काट्यावरपण कधीकधी कळत नाही, ते जाऊदे).

आता उगवणीवरनं काहीच कळत नाही असंपण नाही, नाहीतर डॉक्टरांनी ती रेष ठळक कशाला केली असती. वार गर्भाशयात रुजते तेव्हा तिला आईच्या रक्तवाहिन्या पोखरून मोठ्या करायला लागतात, बारक्या नळीचं पाट करायचं असतं म्हण, आणि हे काम पहिल्या चार-पाच महिन्यांत उरकतं. ते नीट झालं नाही तर पुढं बाळाला रक्त, म्हणजे अन्न आणि ऑक्सिजन, कमी पडतं, आणि आईचा बीपी वाढतो. पॅप-ए हे त्या वारेचं कामकाज कसं चाललंय ह्याची एक खूण आहे. शिवाय ते स्वतःच वाढीला मदत करतं, वाढीचे जे हार्मोन आहेत ते एका दुसऱ्या प्रोटीननं बांधून ठेवलेले असतात, पॅप-ए तो दोर कापून त्यांना मोकळं करतं. २००२ साली गॉर्डन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवलं की पहिल्या तीन महिन्यांतच पॅप-ए कमी असलेल्या बायकांना पुढं बारीक बाळ होण्याचा धोका जास्त असतो. त्याच्या आधी १९९८ मधे ह्याच स्मिथांनी असंही दाखवलं होतं की पाळीच्या तारखेच्या हिशोबानं बाळ ह्या दिवसात अपेक्षेपेक्षा लहान मोजलं गेलं तर जन्मतःपण वजन कमी राहण्याची शक्यता वाढते. पण ते ज्यांची पाळी घड्याळासारखी त्यांच्यासाठी, तुझ्यासारखीला ते लावताच येत नाही.

पण "धोका जास्त" आणि "होणारच" ह्यात फरक आहे बाई. पॅप-ए कमी आलेल्या बहुतेक बायकांची बाळं चांगल्या वजनाची होतात. आणि उलटंपण, जी बाळं बारीक जन्मतात त्यातल्या बहुतेकांच्या आयांचा पॅप-ए चांगला आलेला असतो. मग काय उपयोग म्हणशील तर उपयोग एवढाच की तुझं नाव 'जरा जास्त लक्ष द्या' ह्या यादीत गेलं. तुझ्या डॉक्टरांनी नेमकं तेच केलंय, फक्त सांगायला दोन मिनिटं कमी पडली, ओपीडीच्या गर्दीत हे होतं, म्हणून पुढच्या वेळी प्रश्न कागदावर लिहून ने आणि कागद त्यांच्या टेबलावर ठेव, तोंडानं विचारायला गेलं की विसरतं.

ॲपबद्दल. २ किलो ३१० ग्रॅम. ते शेवटचे दहा ग्रॅम बघूनच मला हसू आलं. अगं नवव्या महिन्यात, बाळ समोर पडद्यावर दिसत असताना, त्याचं डोकं, पोट, मांडीचं हाड सगळं मोजून हॅडलॉकच्या सूत्रात घालतात (१९८५ चं सूत्र आहे, तुझ्या सोनोग्राफी रिपोर्टवर पुढं हे नाव दिसेल) तरी दहा ते पंधरा टक्के इकडंतिकडं होतंच. म्हणजे मशीन अडीच किलो म्हणालं तर बाळ सव्वादोनचंपण निघेल नाहीतर पावणेतीनचंपण. तिथं ही गत, तर तेराव्या आठवड्यात ॲप ग्रॅम सांगतंय म्हणजे नुसती हौस. संशोधक लोक आईची उंची, वजन, वय, बीपी, आधीच्या बाळाचं वजन, पॅप-ए सगळं एकत्र करून गणित मांडतात, त्याचा उपयोग कुणावर लक्ष ठेवायचं हे निवडायला होतो, एकेका बाळाचं वजन सांगायला नाही. आणि ह्या सगळ्यात आधीच्या बाळाचं वजन हा फार मोठा पुरावा असतो, तो तर तुझ्याकडं अजून नाहीच. आणि तुझ्या नवऱ्यानं ॲपमधे तुझं वजन कुठलं घातलं ग, ४९ का ६१?

जावेच्या बाळाचं घेऊ. सासूबाईंना चिडून नको सांगू, त्यांनी तीन आठवडे त्या काचेबाहेर उभं राहून काढलेत, भीती त्यांच्या अंगात बसलीय. पण दोन गोष्टी. एक, जावेचं बाळ लवकर झालं. आठव्या महिन्यातलं बाळ १ किलो ९०० भरतं हे त्या आठवड्याच्या मानानं काही फार कमी नाही, ते बाळ वाढत बरोबरच होतं, फक्त गाडी स्टँडवर लवकर आली. लवकर झालेलं बाळ आणि पूर्ण दिवस भरूनपण बारीक राहिलेलं बाळ, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, काटा दोघांनाही 'कमी' म्हणतो एवढंच. दोन, जाऊ तुझी रक्ताची कोण? तिच्या वारेचा आणि तुझ्या वारेचा संबंध काय? त्यापेक्षा तुझ्या आईला फोन करून विचार, तू जन्मलीस तेव्हा किती किलोची होतीस, कारण आईचं स्वतःचं जन्माचं वजन आणि बाळाचं वजन ह्यात खरंच नातं असतं.

ह्यावरनं एक मजेशीर गोष्ट आठवली, सांगून टाकते. १९३८ मधे केंब्रिजला वॉल्टन आणि हॅमंड ह्या दोघांनी घोड्यांवर प्रयोग केला. शायर म्हणजे अवाढव्य गाडे ओढणारे घोडे आणि शेटलंड म्हणजे ते बुटके तट्टू. ह्यांचा संकर दोन्ही बाजूनं केला, एकदा आई शायर बाप शेटलंड, एकदा आई शेटलंड बाप शायर. शिंगरू जन्मलं तेव्हा दोन्हीकडं ते आईच्या मापाचं निघालं, शायर घोडीच्या पोटचं कितीतरी मोठं. बाप कितीका पैलवान असेना, जन्माच्या वेळचं माप आईच्या पोटातली जागा आणि पुरवठा ठरवतो. त्यामुळं तुमच्या घरात कोण तालमीतलं असेल आणि "आमच्याकडं चार किलोचीच पोरं होतात" असं कोण म्हणत असेल तर त्यांना ही शिंगराची गोष्ट सांग. आणि चार किलोचं बाळ म्हणजे लई भारी असंपण नसतं, आईची साखर वाढलेली असली की बाळ असं फुगतं, आणि बाळंतपण अवघड होतं. तुझ्या उंचीला ६१ म्हणजे तू काय अशक्त नाहीस, उलट थोडी भरलेलीच, म्हणून साखरेची तपासणी चुकवू नको. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातनं देतात आणि दोन तासानं रक्त घेतात, १४० किंवा त्याच्या वर गेलं तर साखर आहे धरतात. ही पहिल्या भेटीत करतात आणि परत २४ ते २८ आठवड्यात. पहिली झाली नसेल तर विचार.

ॲस्पिरिन. तुझी भीती कळते, आमच्या वेळी ही गोळी म्हाताऱ्या माणसांच्या हार्टची होती. पण हा डोस बारीक आहे आणि गरोदरपणात तो खूप वापरलाय. २०१७ मधे ॲस्प्रे नावाचा मोठा अभ्यास झाला, बीपी वाढण्याचा धोका जास्त असलेल्या १७०० च्या वर बायका, निम्म्यांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. दिवस भरायच्या आधीच बीपी वाढून बाळंतपण करायला लागलं अशा बायका खोट्या गोळीवाल्यांत शंभरात चारच्या थोड्या वर होत्या, ॲस्पिरिनवाल्यांत दीडच्या आसपास. फायदा मेन त्या बीपीच्या आजारात आहे, बाळाचं वजन वाढवायची ही गोळी नाही, तसं समजून घेऊ नको. पण तो आजार आणि वारेचा अशक्तपणा हे एकाच घरचे, म्हणून दिलीय. सोळा आठवड्याच्या आत सुरू केली तर जास्त उपयोग, तू वेळेत आहेस. रात्री जेवणानंतर घे, आणि साधारण ३६ आठवड्याला डॉक्टर बंद करतात, कधी ते त्याच सांगतील. तुला दमा असेल, पित्ताचा जुना अल्सर असेल, ॲस्पिरिननं कधी अंगावर उठलं असेल, किंवा आत्ता अंगावरनं रक्त जात असेल तर मात्र आजच फोन करून सांग.

आता खाणं, कारण पत्रातली निम्मी भांडणं त्यावरच आहेत. प्रोटीन पावडर डॉक्टरांनी सांगितली असेल तरच, नाहीतर डबा नवऱ्यालाच दे, जिमला जात असेल तर खपेल. आपल्याच भागातला अभ्यास आहे, १९९३ पासनं पुण्याच्या केईएम हॉस्पिटलनं डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या पुढाकारानं जवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचं खाणंपिणं आणि त्यांच्या बाळांची वजनं नोंदवली. शेतात राबणाऱ्या, आपल्यासारख्याच भाकरी खाणाऱ्या बायका. तिथं काय दिसलं, तर एकूण किती कॅलरी खाल्ल्या, किती प्रोटीन खाल्लं, ह्याचा बाळाच्या आकाराशी फारसा मेळ बसेना, पण ज्या बायका दूध घेत होत्या, आणि पुढच्या महिन्यांत हिरव्या पालेभाज्या आणि फळं वरचेवर खात होत्या त्यांची बाळं जास्त भरलेली होती. म्हणजे मेथी, शेपू, पोकळा, चाकवत, शेवग्याचा पाला, लक्ष्मीपुरीच्या मंडईत दहा-वीस रुपयाला पेंडी मिळते ते. पण ह्याचीपण जादू समजू नको, मुंबईत नंतर पालेभाजी-फळं-दूध घालून खायचे पदार्थ बनवून बायकांना रोज देऊन बघितले, तर सगळ्यांचं मिळून वजन काही ठळक वाढलं नाही, ज्यांनी दिवस राहायच्या तीन महिने आधीपासनं खाल्लं होतं त्यांच्यात थोडं, पन्नास ग्रॅमच्या आसपास वाढलं. तर खायचं ते तुझ्या रक्तासाठी, ताकदीसाठी, आणि हो हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर त्याच्याकडं आधी बघायचं, लोहाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत.

सासऱ्यांचं गंगावेशीतलं दूध. प्रेम आहे त्यांचं, कळतं. म्हशीसमोर उभं राहून फेसाळ पेला रिचवणं ही आपल्या गावची शान आहे, मीपण प्यायलेय. पण पोटुशी बाईनं कच्चं दूध प्यायचं नाही म्हणजे नाही. त्यातनं ब्रुसेला, लिस्टेरिया असले जंतू येऊ शकतात, आणि ते गर्भपात करू शकतात, वेळेआधी बाळंतपण करू शकतात. सासऱ्यांना सांग, दूध जरूर आणा, तिथनंच आणा, मी घरात उकळून पिते. त्यांचा मानपण राहील.

आणि सासूबाईंचं "शेवटी कमी खा" हे अजिबात ऐकायचं नाही. त्या म्हणत असतील, "मी तर दोन्ही पोरं घरात बाळंत झालो, अर्धी भाकरी खाऊन." असेल की. पण बाळ अंगावर मांस धरतं ते नेमकं त्याच तीन महिन्यांत, आणि तुझ्यासारखीच्या बाबतीत, जिच्या वारेकडंच लक्ष ठेवायचं ठरलंय, तेव्हाच उपाशी राहणं म्हणजे उसाला पक्वतेच्या आधी पाणी तोडणं. सिझर होणार का नाही हे पोट मारून ठरत नाही.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस पण मी विचारणारच. घरात मिश्री कोण लावतं? तू लावतीस का? लाजू नको, आपल्याकडं दात दुखतो म्हणून, पोट साफ होत नाही म्हणून, कितीतरी शिकल्यासवरल्या पोरी गुपचूप लावतात. २००४ मधे मुंबईतला अभ्यास प्रसिद्ध झाला, मिश्री-तंबाखू तोंडात धरणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं. तुझ्या प्रोटीन पावडरनं जेवढं वाढायचं नाही तेवढं ह्यानं जातं. लावत असशील तर आजपासनं डबी बाहेर. पुढं घरात कुणी विडी-सिगरेट ओढत असेल तर ती गच्चीवर.

पुढचे महिने कसे जातील ते सांगते म्हणजे धसका बसणार नाही. एनटी स्कॅनच्या, म्हणजे तिसऱ्या महिन्यात बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात त्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टमधे 'युटेराइन आर्टरी' असं लिहिलंय का बघ, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर, म्हणजे त्यातनं रक्त कसं वाहतंय ते बघायची सोनोग्राफी, केला असेल तर तो रिपोर्ट पॅप-एबरोबर वाचतात. तो चांगला असेल तर बराच दिलासा, केला नसेल तर विचार, पुढच्या सोनोग्राफीत बघता येईल. मग १८ ते २० आठवड्याला व्यंग बघायची सोनोग्राफी. त्यानंतर साधारण २८ आठवड्यापासनं ग्रोथ स्कॅन, तुझ्या बाबतीत दोन-चार तरी होतील, त्यात एका स्कॅनचा आकडा बघून रडायचं नाही, दोन स्कॅनमधे किमान दोन-तीन आठवडे गेलेले असूदेत आणि वाढीची रेष वर चढतीय का तेवढं बघायचं. बाळ लहान असूनही आपल्या रेषेवर चढत असेल तर ते जातीचंच लहान चणीचं, त्याला काही झालेलं नाही. रेष सोडून खाली यायला लागलं, पाणी कमी झालं, डॉप्लर बिघडला, तर ती गोष्ट वेगळी आणि ती वेळेत कळावी म्हणूनच हे सगळं चाललंय. दर भेटीत डॉक्टर किंवा नर्स टेपनं पोटाची उंची मोजतात ना, त्या साध्या टेपला हसू नको, २४ आठवड्यानंतर जेवढे आठवडे साधारण तेवढे सेंटीमीटर, त्यावरनंपण बरंच कळतं. आणि अडीच किलोची रेष जागतिक आरोग्य संघटनेनं आखलीय, देशात २०१९-२१ च्या पाहणीत वजन झालेल्या बाळांपैकी शंभरात अठराच्या आसपास त्या रेषेच्या आत होती, ती सगळी काय काचेच्या पेटीत गेली नाहीत, बरीचशी आईच्या छातीला लावून घरी गेली.

लगेच दवाखाना गाठायचा तो ह्यासाठी: डोकं खूप दुखतंय आणि थांबत नाही, डोळ्यापुढं चमकतंय किंवा अंधुक दिसतंय, छातीखाली पोटात कळ, तोंड-हात एकदम सुजलेत, अंगावरनं रक्त किंवा पाणी गेलं, आणि पुढच्या महिन्यांत बाळाची हालचाल कमी वाटली. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.

राहिलं माहेर. रद्द कशाला? पहिलं बाळंतपण आहे, आईच्या हातचं खायला मिळूदे की. फक्त सातव्यात जायच्या आधी इथला ग्रोथ स्कॅन करून घे, आणि पुढचा स्कॅन गडहिंग्लजला करायचा का परत कोल्हापूरला यायचं ते तुझ्या डॉक्टरांबरोबर आत्ताच ठरव, दोन वेगळ्या मशीनवरची वजनं जुळवायला गेलं की उगाच घोळ होतो. तिथल्या एका डॉक्टरांना आधीच्या एखाद्या चकरेत फाईल दाखवून ठेव, म्हणजे अडीअडचणीला नवा माणूस वाटणार नाही. फाईलमधे सगळे स्कॅन तारखेप्रमाणं लाव, बीपीची नोंद, रक्तगट, गोळ्यांची नावं. आणि डबल मार्करचा तो जुना रिपोर्ट काढून दुरुस्त केलेला वरती लाव, ६१ किलोवाला, नाहीतर तिथंपण कुणीतरी ०.३८ ला गोल करून तुला परत पहिल्यापासनं सांगत बसेल.